जीवोत्पत्तीचे वैज्ञानिक सिद्धांत : मावळचा कातळ आणि पुण्यातील संशोधन यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

पृथ्वीवर सजीव सृष्टीचा आरंभ कसा झाला, हा प्रश्न तत्त्वज्ञान, धर्मविचार आणि विज्ञान या तिन्ही क्षेत्रांत दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र तो बहुधा दोन-तीन तासिकांत उरकला जातो. ओपॅरिन, हाल्डेन, मिलर ही नावे आणि काचेच्या उपकरणाची एक आकृती एवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः या प्रश्नावरील संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग पुणे शहरात झालेला आहे व होत आहे. या संशोधनात ज्या खनिजांचा, मातीचा आणि पाण्याच्या स्थितींचा विचार केला जातो त्यांची उदाहरणे मावळ तालुक्यातील कोणत्याही गडावर पाहावयास मिळतात. प्रस्तुत लेखात जीवोत्पत्तीविषयीच्या प्रमुख सिद्धांतांचा परिचय या दोन्ही संदर्भांत करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

तसे करण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. 'जीवसृष्टी अवकाशातून आली हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे विधान भाषणांतून आणि कधी कधी वर्गांतूनही ऐकू येते. याच्या उलट, 'जीव कसा निर्माण झाला हे विज्ञानाला मुळीच ठाऊक नाही' असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे अध्यापकाला नेमकेपणाने सांगता येणे आवश्यक आहे.

कालमापन आणि मावळचा कातळ :

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे गड ज्या काळ्या कातळाचे बनले आहेत, ज्यात कार्ले आणि भाजे येथील लेणी कोरलेली आहेत, तो बसाल्ट दख्खन ट्रॅपचा भाग होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे एकावर एक थर पसरत गेले व आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. या थरांच्या वर्गीकरणात भूशास्त्रज्ञांनी एका उपगटाला लोणावळ्याचेच नाव दिले असून त्यातील एक स्तरसमूह 'खंडाळा' या नावाने ओळखला जातो. स्थानिक माणसाला हा कातळ अनादी वाटतो. परंतु जीवसृष्टीच्या इतिहासात तो अगदी अलीकडचा आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेल्या झिरकॉन खनिजाच्या कणांचे वय सुमारे ४४० कोटी वर्षांपर्यंत जाते आणि त्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्या काळी पृथ्वीवर पाणी असावे असे अनुमान निघते. त्याच देशातील पिलबारा प्रदेशात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांमुळे तयार झालेले खडक, आढळले आहेत. याहून जुन्या पुराव्यांचे दावे झाले आहेत; पण त्यांवर एकमत नाही. पृथ्वीचा सारा इतिहास एका वर्षात बसविला, तर जीवसृष्टीचा हा पुरावा मार्चच्या अखेरच्या आठवड्यात मिळतो आणि मावळचा कातळ २६ डिसेंबरच्या सुमारास थिजतो. मावळचे दगड जीवोत्पत्तीचे साक्षीदार नाहीत. त्यांचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. ज्वालामुखीय खडक, त्यावर साचणारे पाणी, त्यापासून बनणारी चिकणमाती आणि त्यातील पोकळ्यांत वाढणारी खनिजे ही आदिम पृथ्वीवरही असावीत. त्यांचे गुणधर्म रसायनशास्त्राच्या नियमांनी ठरतात व ते नियम तेव्हा आणि आता एकच आहेत.

'आदिम सूप' आणि त्याची मर्यादा :

बोरघाटात रेल्वेमार्गासाठी बोगदे खोदले जात होते आणि १८६३ साली तो मार्ग खुला झाला, त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या नळीच्या चंबूंत उकळलेला रस्सा ठेवून स्वयंजनन होत नाही हे दाखविले. सजीव हा सजीवापासूनच होतो हा निष्कर्ष दृढ झाला आणि त्याबरोबरच एक अडचण उभी राहिली. मग पहिला सजीव कोठून आला? चार्ल्स डार्विनने १८७१ साली आपला मित्र जोसेफ हूकर यास लिहिलेल्या पत्रात एखाद्या उबदार डबक्यात अमोनिया, फॉस्फेट, उष्णता, वीज यांच्या योगे प्रथिनासारखे संयुग बनले असावे अशी कल्पना मांडली. आज असे संयुग बनले तर विद्यमान सजीव ते तत्काळ फस्त करतील, हा महत्त्वाचा मुद्दाही त्याने त्याच ठिकाणी नोंदविला. स्वयंजनन आज का दिसत नाही या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

रशियातील अलेक्झांडर ओपॅरिन याने १९२४ मध्ये आणि इंग्लंडमधील जे. बी. एस. हाल्डेन याने १९२९ मध्ये स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता, त्यामुळे अतिनील किरण व विजेच्या ऊर्जेने साध्या वायूंपासून सेंद्रिय संयुगे बनली आणि समुद्रात साचत गेली. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, पुढे त्याने भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्याचे निधन झाले. क्रमिक पुस्तके त्याचा उल्लेख केवळ ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणून करतात, ही त्रुटी दुरुस्त व्हावयास हवी. अलाहाबाद येथे कृष्ण बहादुर यांनी १९६० च्या दशकात सूर्यप्रकाशात ठेवलेल्या रासायनिक मिश्रणांतून 'जीवाणू' या नावाने ओळखले गेलेले पेशीसदृश कण मिळविल्याचे जाहीर केले होते. ते सजीव असल्याचा त्यांचा दावा मान्य झाला नाही, तरी भारतात या विषयावर प्रयोग करण्याची परंपरा किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. (बॅक्टेरिया या अर्थी मराठीत रूढ असलेल्या 'जीवाणू' या शब्दाशी त्याची गल्लत करू नये.)

१९५३ मध्ये शिकागो येथे हॅरल्ड युरे यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली मिलर याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि काही दिवसांत ग्लायसीन, अॅलानीन यांसारखी अमिनो आम्ले मिळविली. पुढे आदिम वातावरणात मिथेन व अमोनिया यांऐवजी कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे प्राबल्य होते असे मत पुढे आले व प्रयोगाचे महत्त्व काहीसे ओसरले. मिलरच्या निधनानंतर मात्र त्याच्या जुन्या कुप्या सापडल्या. ज्वालामुखीच्या वाफेच्या झोताचे अनुकरण करणाऱ्या त्याच्या दुसऱ्या उपकरणातील अवशेष आधुनिक साधनांनी तपासले असता २२ अमिनो आम्ले आढळली. हे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. साऱ्या वातावरणाची घडण प्रतिकूल असली, तरी ज्वालामुखीच्या परिसरात स्थानिक स्थिती अनुकूल असू शकते, हा त्याचा अर्थ होय.

परंतु घटक द्रव्ये मिळणे म्हणजे सजीव मिळणे नव्हे. विटा पडलेल्या असणे आणि भिंत उभी राहणे यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. अमिनो आम्ले जोडून प्रथिन बनते किंवा न्यूक्लिओटाइड जोडून आरएनए बनते, तेव्हा प्रत्येक जोडणीगणिक पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर ही क्रिया उलट दिशेने जाते, साखळ्या तुटतात. समुद्रातील 'सूप' या कल्पनेवरील हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

ओले-कोरडे चक्र : सड्यावरील डबकी आणि पुण्यातील प्रयोगशाळा :

या आक्षेपाला जे उत्तर मिळाले ते मावळच्या वाचकाला समजण्यास सोपे आहे. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. विसापूरच्या पठारावर किंवा लोहगडाच्या विंचूकाट्यावर कातळातील उथळ खळगे आषाढ-श्रावणात सतत भरलेले असतात. पण वळवाच्या सरींनंतर आणि पुन्हा भाद्रपदात, ऊन-पावसाचा खेळ चालू असताना, हेच खळगे भरतात, आटतात आणि पुन्हा भरतात. पाणी आटत जाते तसे त्यात विरघळलेले पदार्थ दाट होतात व अखेर कडेला त्यांचे वलय उरते. कोरडे होताना पाणी निघून जात असल्यामुळे रेणूंची जोडणी होण्यास रासायनिक अनुकूलता येते. पुन्हा ओले होताना तयार झालेले रेणू मिसळतात, हलतात, नव्या जागी जातात. अशी शेकडो आवर्तने झाली की लांब साखळ्या साचण्याची शक्यता वाढते.

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे 'आयसर'मध्ये, सुधा राजमणी यांचा गट याच प्रश्नावर काम करतो. न्यूक्लिओटाइड आणि मेदद्रव्ये एकत्र घेऊन तापमान व आम्लता नियंत्रित करीत ओले-कोरडे चक्र घडविणे, ही त्यांच्या प्रयोगांची एक मुख्य पद्धत आहे. या पद्धतीने आरएनएसारख्या साखळ्या मिळतात. तथापि या गटाने २०१५ साली एक अडचणीची गोष्टही दाखवून दिली. उष्ण व आम्लधर्मी स्थितीत न्यूक्लिओटाइडमधील बेस गळून पडतात आणि उरतो तो केवळ साखर व फॉस्फेटचा सांगाडा. ज्या अक्षरांनी माहिती लिहावयाची तीच नाहीशी झाली तर साखळीचा उपयोग काय? यावरून आजच्या आरएनएच्या आधी, त्या स्थितीत टिकणारे वेगळे बेस असलेला एखादा पूर्वज रेणू असावा, या विचाराला बळ मिळाले. बार्बिट्युरिक आम्लासारख्या पर्यायी बेसवर याच गटाने पुढे प्रयोग केले. विपरीत निष्कर्षही मोकळेपणाने प्रसिद्ध करणे आणि त्यातून नवा प्रश्न उभा करणे ही या कामाची जमेची बाजू होय.

याच गटाने लडाखमधील पुगा येथील उष्ण झऱ्यांचे पाणी आणून त्यात मेदाम्लांच्या पिशव्या तयार होतात का, हेही तपासले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीला पटल लागते. साबणाच्या जातीचे रेणू पाण्यात आपोआप गोलाकार पिशव्या बनवितात, हे ठाऊक आहेच. पण शुद्ध पाण्यात जे सहज घडते ते क्षारयुक्त नैसर्गिक पाण्यात घडेलच असे नाही. केवळ मेदाम्लाची पटले क्षारांमुळे मोडतात, तर निरनिराळ्या मेदद्रव्यांच्या मिश्रणाची पटले अधिक टिकाव धरतात. मावळला लागून घाटाखाली पालीजवळ उन्हेरे येथे उष्ण झरे आहेत. तेथे सहल नेणाऱ्या अध्यापकाला हा सारा विषय झऱ्याच्या काठीच मांडता येईल.

सड्यावरील डबक्यांची तुलना अर्थात मर्यादेतच घ्यावयाची. आजच्या डबक्यात शेवाळ व जीवाणू असतात, कोरड्या कातळावर दिसणारा काळसर थर बहुतांशी त्यांचाच असतो आणि हवेत ऑक्सिजन आहे. डार्विनने सांगितलेली अडचण येथे तंतोतंत लागू पडते. तुलना केवळ भौतिक क्रियेची आहे.

आरएनएला एवढे महत्त्व का, हेही थोडक्यात सांगावयास हवे. आजच्या पेशीत डीएनए बनविण्यास प्रथिने लागतात आणि प्रथिने बनविण्यास डीएनएतील माहिती लागते. हे कोंबडी-अंड्याचे कोडे थॉमस सेक व सिडनी आल्टमन यांच्या शोधामुळे सैल झाले. काही आरएनए रेणू स्वतःच विकराचे काम करतात, हे त्यांनी दाखविले. त्यासाठी त्यांना १९८९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमच्या गाभ्यातही उत्प्रेरक म्हणून आरएनएच काम करतो, हे पुढे रायबोसोमच्या रचनेवरून स्पष्ट झाले. या रचनेच्या संशोधनासाठी व्यंकटरामन रामकृष्णन यांना इतर दोघांसह २००९ चा नोबेल मिळाला. आजच्या प्रत्येक पेशीत त्या प्राचीन व्यवस्थेचा अवशेष असा शाबूत आहे.

घाटातील तांबडी माती आणि गारगोट्या :

बोरघाटातून जाताना कापलेल्या कड्यांत दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा अधूनमधून दिसतो. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये काही काळ गेला, त्या अवधीत वरच्या पृष्ठाची झीज होऊन माती बनली आणि नंतरच्या प्रवाहाखाली ती दबून भाजली गेली, असा त्याचा साधारण अर्थ लावला जातो. या तांबड्या थरांत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे आढळतात. त्याच गटातील माँटमोरिलोनाइट हे देशावरील काळ्या कापसाच्या जमिनीचे प्रमुख खनिज आहे. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात व पावसात ती फुगते, याचे कारण या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व निघून जाते.

शेतकऱ्याला परिचित असलेला हाच गुण जीवोत्पत्तीच्या संशोधनात मोलाचा ठरला. पापुद्र्यांच्या पृष्ठावर विद्युतभार असल्यामुळे त्यावर सेंद्रिय रेणू चिकटतात, एकमेकांजवळ येतात आणि जोडले जातात. ग्लासगो येथील ग्रॅहम केर्न्स-स्मिथ याने १९६६ पासून तर याहून धाडसी मत मांडले की, चिकणमातीचे स्फटिक हेच पहिले 'आनुवंशिक' द्रव्य होते व सेंद्रिय रेणूंनी नंतर त्याची जागा घेतली. हे मत प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. परंतु उत्प्रेरक म्हणून मातीची भूमिका पक्की झाली आहे. जेम्स फेरिस व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सक्रिय केलेले न्यूक्लिओटाइड माँटमोरिलोनाइटवर टप्प्याटप्प्याने घालून सुमारे ५० एककांच्या साखळ्या मिळविल्या. २००३ मध्ये जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत याच मातीमुळे मेदाम्लांच्या पिशव्या अधिक वेगाने बनतात आणि मातीचा कण त्या पिशवीच्या आत सापडू शकतो, असे आढळले. एकच खनिज साखळी बनविण्यास साहाय्य करते आणि तिच्याभोवती पिशवीही बनविते, ही गोष्ट लक्षणीय आहे. हे प्रयोग परदेशी मातीवर झाले. आपल्याकडच्या काळ्या मातीचा व घाटातील तांबड्या थरांचा असा अभ्यास हा एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला आवाक्यात असणारा प्रकल्प होऊ शकेल.

बसाल्टमधील पोकळ्यांत आढळणाऱ्या झिओलाइट वर्गातील स्फटिकांना लोक सरसकट गारगोट्या म्हणतात. बोरघाटातील रेल्वेच्या खोदकामात निघालेले नमुने एकोणिसाव्या शतकापासून संग्राहकांना ठाऊक आहेत. झिओलाइटच्या रचनेत रेणूच्या मापाची असंख्य छिद्रे असतात. अशा अंतर्गत पृष्ठांवर सेंद्रिय रेणू आश्रयाला येऊन जोडले गेले असावेत, असे मत जोसेफ स्मिथ याने १९९८ मध्ये मांडले. ते अद्याप गृहीतकाच्याच पातळीवर आहे.

फॉस्फेटची समस्या आणि लोणार :

न्यूक्लिओटाइडमध्ये फॉस्फेट अपरिहार्य आहे. परंतु नैसर्गिक पाण्यात कॅल्शियम असल्यामुळे फॉस्फेट त्याच्याशी संयोग पावून खाली बसते व पाण्यात फारच थोडे उरते. प्रयोगशाळेतील क्रियांना लागणारे प्रमाण याच्या कितीतरी पट अधिक असते. ही समस्या अनेक दशके अनुत्तरित होती. २०१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठातील जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी असे दाखविले की, ज्या बंदिस्त सरोवरांत कार्बोनेट विपुल असते तेथे कॅल्शियम कार्बोनेटशी जखडले जाते आणि फॉस्फेट मुक्त राहून बाष्पीभवनाने साचत जाते. या प्रकारच्या सरोवरांची उदाहरणे देताना कॅलिफोर्नियातील मोनो आणि केनियातील मगाडी यांच्या जोडीने बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा उल्लेख होतो.

लोणारचे विवर दख्खनच्या बसाल्टमध्येच उल्कापाताने झाले आहे. त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत लवणप्रिय आर्किया वर्गातील सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य हे त्याचे कारण असल्याचे आढळले. वृत्तपत्रांत रंगाची चर्चा पुष्कळ झाली, फॉस्फेटची जवळजवळ नाही. मावळातील पाणी वाहते व गोडे असल्यामुळे असा साठा येथे होत नाही. एकाच प्रकारच्या कातळावर पाणी वाहून जाते की अडते, एवढ्या फरकाने रसायन किती बदलते हे या दोन ठिकाणांच्या तुलनेतून ध्यानी येते.

समुद्रतळाचा पर्याय :

जमिनीवरील डबक्यांच्या या मताला तुल्यबळ असा दुसरा पक्ष आहे. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रतळावर उष्ण झरे व त्यांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी आढळली. २००० साली अटलांटिक महासागरात 'लॉस्ट सिटी' या नावाने ओळखले जाणारे अल्कधर्मी झरे सापडले. मायकेल रसेल यांनी अशा झऱ्यांची कल्पना त्याआधीच मांडली होती. झऱ्याच्या सच्छिद्र भिंतीच्या आत अल्कधर्मी आणि बाहेर सौम्य आम्लधर्मी पाणी असते. त्या फरकातून मिळणारी ऊर्जा आजची पेशी पटलाच्या दोन बाजूंवरील प्रोटॉनच्या फरकातून मिळविते त्या ऊर्जेशी साम्य राखते. चयापचय आधी की आनुवंशिक माहिती आधी, असा हा वाद आहे. झऱ्यांचा पक्ष ऊर्जेचे स्पष्टीकरण चांगले देतो. साखळ्या जोडण्याचे स्पष्टीकरण देताना मात्र, सर्वत्र पाणी असल्यामुळे, तो अडखळतो. सध्याच्या पुराव्यांवरून डबक्यांचा पक्ष थोडा वरचढ वाटतो.

आकाशातून आलेले जीवन : पुण्याचा प्रयोग

जीवन अन्यत्र निर्माण होऊन पृथ्वीवर आले, या मताला स्वांते अर्‍हेनियस याने १९०३ मध्ये शास्त्रीय रूप दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेड हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. धूमकेतूंतून जीवाणू आजही पृथ्वीवर येत असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. हॉइलचे शिष्य व सहकारी जयंत नारळीकर, ज्यांनी पुण्यात 'आयुका' या संस्थेची उभारणी केली आणि ज्यांचे २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातच निधन झाले, त्यांनी या मताची तपासणी प्रयोगाने करावयाचे ठरविले. येथे एक वैचारिक धागा लक्षात घेण्यासारखा आहे. हॉइल आणि नारळीकर हे विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या विश्वरचनाशास्त्राचे पुरस्कर्ते होते. विश्वालाच आरंभ नसेल तर जीवनाला कोठेतरी आरंभ असलाच पाहिजे असा आग्रह उरत नाही. महास्फोटाचा सिद्धांत मानणाऱ्याला अशी सवलत घेता येत नाही.

प्रयोगाची कल्पना सरळ होती. वातावरणात जितके उंच जावे तितकी जमिनीवरून जीवाणू तेथे पोहोचण्याची शक्यता घटते. ४० किलोमीटरच्या आसपास जिवंत पेशी मिळाल्या तर त्या वरून येत असण्याचा विचार करावा लागेल. हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगा केंद्रातून २००१ च्या जानेवारीत पहिले उड्डाण झाले. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या नमुन्यांत पेशी आढळल्याचे विक्रमसिंघे, नारळीकर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये त्यांतून दोन जीवाणू व एक कवक वाढविण्यात आले. पण ते पृथ्वीवरील परिचित जातींचेच निघाले आणि साहजिकच नमुन्यांत बाहेरून मिसळ झाल्याची शंका घेतली गेली.

म्हणून 'इस्रो'च्या पाठबळाने २० एप्रिल २००५ रोजी अधिक काटेकोर उड्डाण करण्यात आले. नारळीकर प्रमुख संशोधक होते, तर यू. आर. राव व पुष्प भार्गव हे मार्गदर्शक. ४५९ किलोग्रॅम वजनाचे उपकरण ३८ किलोग्रॅम द्रवरूप निऑनमध्ये बुडविलेले होते. आतील निर्जंतुक नळ्या अतिशीत झाल्यामुळे बाहेरची विरळ हवा त्यांत ओढली जाऊन गोठत असे. २० ते ४१ किलोमीटर या पट्ट्यात निरनिराळ्या उंचींवरील नमुने वेगळे घेण्यात आले. त्यांचे विश्लेषण हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे झाले. एकूण १२ जीवाणूंच्या व ६ कवकांच्या वसाहती मिळाल्या. जीवाणूंपैकी ९ पृथ्वीवरील ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक साम्य असलेले होते. उरलेल्या तीन जाती नव्या ठरल्या. 'जॅनिबॅक्टर हॉइली', 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि 'बॅसिलस आर्यभटाय' अशी त्यांची नावे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अतिनील किरणांना त्या त्यांच्या निकटच्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद न देणाऱ्या होत्या.

यातून काय सिद्ध होते? 'नवी जाती' म्हणजे 'परग्रहावरची जाती' नव्हे. मावळातील मूठभर मातीतही अनेक अनामिक जीवाणू निघतील. या तिन्ही जाती ज्ञात वंशांत सहज बसतात, त्यांचे रायबोसोमचे आरएनए आपल्याच कुळातील आहे. 'आर्यभटाय' ही जाती तर पुढे अनेक ठिकाणच्या मातीत व पिकांच्या मुळांभोवती आढळली आणि वनस्पतींच्या वाढीस साहाय्यक म्हणून तिचा अभ्यास होऊ लागला. याउलट पक्षाचे उत्तर असे की, पृथ्वीवरील जीवनच तिकडून आले असेल तर साम्य असणारच. हे उत्तर तर्काला धरून आहे. पण त्यात एक दोष आहे. साम्य आढळले तरी सिद्धांत टिकतो आणि वेगळेपण आढळले तरी टिकतो, मग तो खोटा ठरण्याची कसोटी कोणती? अशी कसोटी पेशींतील कार्बन वा हायड्रोजन यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणात शोधता येईल, कारण धूमकेतू व उल्का यांतील हे प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाहून वेगळे असू शकते. मात्र मूठभर पेशींवर हे मोजमाप करणे अवघड आहे. शिवाय या पेशी प्रयोगशाळेतील पोषक द्रव्यावर वाढविल्या की त्यांत पृथ्वीचेच कार्बन भरते.

स्वतः 'इस्रो'ने २००९ च्या निवेदनात या अभ्यासाने सूक्ष्मजीवांचे अवकाशीय मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही असे नमूद केले होते. ते वाक्य पुढच्या बातम्यांतून गळून पडले. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्या नारळीकरांच्या बाबतीत असे व्हावे, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. त्यांचा प्रयोग सिद्धतेसाठी सांगण्याऐवजी पद्धतीसाठी शिकवावा. द्रव निऑन का वापरले, दोन प्रयोगशाळांत स्वतंत्र तपासणी का केली, हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत.

जीव नव्हे, तर जीवाची घटक द्रव्ये अवकाशातून आली, हे सौम्य मत मात्र आता भक्कम आधारावर उभे आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अनेक अमिनो आम्ले मिळाली होती. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आणलेल्या नमुन्यांत, सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए व आरएनएमधील पाचही बेस असल्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले. त्याच नमुन्यांत खारे पाणी आटून मागे राहिलेले क्षारही मिळाले. डबक्यांच्या काठी दिसणारी क्रिया लघुग्रहाच्या मूळ पिंडातही घडली होती असा त्याचा अर्थ आहे.

अध्यापनाची बाजू :

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ मध्ये वगळण्यात आला. त्याविरुद्ध १,८०० हून अधिक वैज्ञानिक व अध्यापकांनी अनावृत पत्र प्रसिद्ध केले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे आणि बारावीच्या जीवशास्त्रात जीवोत्पत्तीचा स्वतंत्र विचार केला आहे. पवन मावळ, नाणे मावळ वा आंदर मावळातील विद्यार्थी दहावीपर्यंत हा विषय मराठीत शिकतो आणि बारावीत एकाएकी इंग्रजीतून त्याला सामोरा जातो. तेथे ओपॅरिन व मिलर ही नावे पाठ होतात. ओले-कोरडे चक्र, चिकणमाती, फॉस्फेट यांतले काही त्याच्या हाती लागत नाही. वास्तविक भाताच्या खाचरातील चिखल वाळताना त्याने पाहिलेला असतो.

भाद्रपदात विसापूरला एक दिवसाची सहल काढली तर कातळाच्या कापलेल्या बाजूला तांबडा थर कोठे दिसतो का हे शोधणे, पोकळीतील स्फटिक भिंगातून पाहणे आणि एकाच खळग्यातील पाण्याची आम्लता व क्षारता ते भरलेले असताना आणि आटत आले असताना मोजणे, एवढे काम साध्या साधनांनी होते. त्यासाठी निर्देशक कागद, क्षारता मोजणारे खिशातले यंत्र आणि एक वही पुरते. दोन मोजमापांमध्ये चार-पाच दिवसांचे ऊन मिळाले पाहिजे, म्हणून सहलीची तारीख पावसाचा अंदाज पाहूनच ठरवावी.